केशरपाण्यावरचा मणी

फरवर्दीन महिन्याच्या चौदा तारखेला सकाळी पावणेआठला फरंगीसचा फोन वाजला. केंद्राच्या फाटकावरचा हैदर बोलत होता.

"खानम, लवकर या. मशदी सफरअली नायट्रोजनच्या खोलीत पडलाय. उठत नाहीये."

"आत कुणी जाऊ नका! पंखा लावलात का?"

"आझर खानमनी लावला. दार सताड उघडलंय. पण खानम, तो गार पडलाय हो."

नवरोजची तेरा दिवसांची सुट्टी संपून कामाचा हा पहिलाच दिवस. बाहेर नारंगीची झाडं फुलून आली होती. अशा सकाळी शिराझी माणूस कामावर वेळेत जातो, असा आरोप आमच्यावर कुणी करणार नाही. सफरअली मात्र साडेसहालाच हजर झाला होता. अकरा वर्षं तो तसाच यायचा.

फरंगीस नवाई ही वार्धक्य आणि मूलपेशी संशोधन केंद्राची समन्वयक. ती शास्त्रज्ञ नव्हे. कुणाची पाळी कधी, कुठल्या प्रयोगाला कुणाची परवानगी, कुठल्या कागदावर कुणाची सही, हे सगळं तिच्या डोक्यावर. शास्त्रज्ञ भांडले की समजूत तिनंच घालायची, आणि ते पुन्हा एक झाले की शिव्याही तिनंच खायच्या.

त्या दिवशी दुपारी चारच्या आत तिला एका कागदावर सही करायची होती. सही झाली की टाकीतल्या मूलपेशींच्या कुप्या इस्पितळात जाणार आणि परवा सहा म्हाताऱ्यांच्या थकलेल्या हृदयात त्या सोडल्या जाणार. सहा वर्षांच्या कामाचं फळ. निवड समितीनं चिठ्ठ्या टाकून नावं काढली होती. पहिलं नाव निघालं होतं इस्फंदियार नवाई, म्हणजे फरंगीसचे बाबा. पुढचा नवरोज त्यांना दिसेल असं म्हणायला एकही डॉक्टर तयार नव्हता. उरली होती ती ही एवढी एक आशा.

आणि त्या कुप्यांचा राखणदार मरून पडला होता.

*

खोली जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. खिडकी नाही. मधोमध छातीएवढी उंच टाकी, तिच्यात द्रव नायट्रोजन, त्यात बुडवलेल्या कुप्या. नायट्रोजनचा मोठा सिलिंडर बाहेर बोळात. त्याची नळी भिंतीतून आत येते. चावी बाहेर. पंख्याचं आणि धोक्याच्या घंटेचं बटणही बाहेर, आणि एकच. हा वायू फार हरामखोर. वास नाही, रंग नाही. खोलीत भरला की हवेला हाकलतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो.

कप्तान बहादोरी नाक पुसत आले. त्यांना सर्दी झाली होती आणि सुट्टी संपल्याचा रागही होता.

"अंगावर जखम नाही," ते म्हणाले. "आझर खानम आल्या तेव्हा चावी अर्धवट उघडी, बटण बंद. म्हातारा रात्रभर बसनं आला, डोळ्यांत झोप, पंखा लावायचा विसरला. अपघात आहे, खानम."

 फरंगीस दाराशेजारच्या फळीकडे बघत होती. फळीवर तीन वस्तू होत्या. टाकीची नोंदवही. सफरअलीनं नवरोजसाठी पेरलेल्या गव्हाची ताटली. आणि एक वीट.

ती वही उचलायला गेली तशी तिची बाही गव्हाला लागली. कडकड आवाज झाला आणि वाळक्या काड्या खाली सांडल्या. ताटली कोरडी ठणठणीत होती.

वहीत रोजची नोंद होती. तेराही दिवस टाकी बघितली, गरज पडली तशी भरली. खाली सही डॉक्टर कामयार संजरी यांची.

सफरअली यंदा पहिल्यांदाच सुट्टीवर गेला होता. तोही फरंगीसनं भरीला घातल्यामुळे. "अकरा नवरोज या टाकीपाशी काढलेस, आता बायकोला घेऊन मशहदच्या दर्ग्याला जाऊन ये. टाकी कामयार बघेल," ती म्हणाली होती. पाळीचा तक्ता तिचाच, सही तिचीच. तो दर्ग्याला जाऊन आला म्हणून आज सकाळपासून हैदर त्याला कौतुकानं मशदी म्हणत होता. ते कौतुक तासभरच टिकलं.

"कप्तान साहेब, ही वीट जागेवर आहे."

"मग?"

"सफरअली वीट दारात लावल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. दार आपोआप लागू नये म्हणून, ते आतून उघडत नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. अपवाद एकच. दाराशी दुसरा माणूस उभा असला, तर वीट लागत नाही."

"पंखा विसरला तो वीटही विसरेल."

"तुम्ही बूट घालायला विसरून घराबाहेर पडाल का?"

कप्तानांनी आपल्या बुटांकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही विचारा, मी ऐकतो. तुमच्या त्या पेशीबिशी मला कळायच्या नाहीत."

*

हैदर रडत होता.

"फाटकातून कोण कोण आलं, हैदर?"

"मशदी साडेसहाला. कामयार डॉक्टर सातला दहा कमी असताना. आझर खानम सव्वासातला. पावणेआठच्या आधी दुसरं कुणी नाही."

"आणि सुट्टीत?"

"सुट्टीत मी गावी होतो, खानम. फाटकाला कुलूप. मागच्या दाराच्या किल्ल्या या तिघांकडेच."

"सफरअली काही बोलला?"

"बोलला की! दर्ग्याहून आणलेली खडीसाखर हातात ठेवली. म्हणाला, 'पहिली तुझी, आता आत जो भेटेल त्याला त्याची देत जातो.' फार खूश होता हो." हैदरनं बाहीनं नाक पुसलं.

आझर तवक्कुली दर्जा तपासणी बघायची. उंच, ताठ, पन्नाशीची बाई. पडलेल्या सफरअलीला पहिल्यांदा तिनंच बघितलं होतं.

"आज तो भेटला होता तुम्हाला?"

"नाही. आणि भेटला असता तरी बोलला नसता. सुट्टीआधी आमचं वाजलं होतं. हैदरनंही ऐकलंय, लपवू कशाला?"

"कशावरून?"

"टाकीत त्यानं तीन नळ्या ठेवल्या होत्या. एक वर, एक मध्ये, एक तळाला. यादीत नाव नाही, क्रमांक नाही. पिवळं गोठलेलं पाणी आणि त्यावर काहीतरी चमकणारं. मी म्हटलं, काढ. तर मलाच सुनावतो, 'तुमच्या कागदांपेक्षा या नळ्या खरं बोलतात.' मी म्हटलं, सुट्टीनंतर मी स्वतः फेकणार."

"फेकल्या?"

"वेळ कुठे मिळाला!" आणि आझर खाली बसून हुंदके द्यायला लागली. "शेवटचं त्याच्याशी भांडले ना मी, फरंगीस. शेवटचं भांडलेच."

कप्तान फरंगीसच्या कानाशी लागले. "भांडण, किल्ली आणि प्रेतही हिनंच पहिल्यांदा बघितलं. तुम्ही म्हणता तसा हा खून असलाच, तर ही बाई मला पुरे."

"थांबा हो," फरंगीस म्हणाली.

कामयार आपल्या खोलीत डोकं धरून बसला होता. अडतीस वर्षांचा, हुशार, लाघवी. या पेशी वाढवल्या त्यानं. केंद्राची सगळी कीर्ती त्याच्या हातांची, हे कुणीही कबूल केलं असतं. दोघं आत येताच तो उठला, बसा बसा म्हणाला, चहा ओतला. साखरेच्या खड्यांचा डबा उघडला तर रिकामा. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, डबा भरणार कोण? मग टेबलावरची केशरी खडीसाखरेची काडी उचलून त्यानं फरंगीसच्या पेल्यात सोडली. काडीच्या टोकाचा हिरवा दोरा पेल्याबाहेर लोंबत राहिला.

"घ्या, फरंगीस खानम. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"सुट्टीत रोज आलात?"

"रोज. वही बघितलीच असेल. अहो, जाताना त्यानं दहादा बजावलं होतं म्हणून त्या गव्हालासुद्धा रोज पाणी घालत होतो. काल तेरावा दिवस, गहू सोडायचा. तो गहू त्याच्याच हातानं वाहत्या पाण्यात सोडेल म्हणून तसाच ठेवला."

"आज सकाळी भेटला तो?"

"नाही ना. मी आलो तो थेट या खोलीत. भेटला असता तर..." त्याचा आवाज खरोखर फुटला. "आपण सगळेच त्याला म्हणायचो ना, सफरअली, वय झालं तुझं."

"मी कधीच म्हणाले नाही," फरंगीस म्हणाली आणि चहा न पिता उठली.

बोळात कप्तानांच्या शिपायानं सफरअलीची पिशवी उघडून ठेवली होती. टॉवेल, जपमाळ, बायकोनं दिलेली भाकरी आणि पनीर. आणि पांढऱ्या कागदाच्या तीन पुड्या, हिरव्या दोऱ्यानं बांधलेल्या. आत खडीसाखरेची एकेक काडी, टोकाला तसाच हिरवा दोरा. पुडीवर वाकड्या अक्षरांत नाव. 'आझर खानम, राग सोडा.' 'संचालक साहेब.' 'फरंगीस खानम आणि त्यांचे बाबा.'

फरंगीस पिशवीपाशी खाली बसली. तिनं पुड्या दोनदा मोजल्या.

*

बारा वाजता बाबांना औषध द्यायला ती घरी गेली. घर जवळच होतं. बाबा उशांना टेकून बसले होते. दोन वाक्यांमध्ये त्यांना थांबून दम घ्यावा लागायचा.

सफरअली गेला हे तिनं सांगितलं. बाबा आणि तो एकाच गल्लीत वाढलेले. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलले.

"बाबा, एक विचारू? सफरअली पिवळ्या पाण्याच्या नळ्या कशाला ठेवायचा?"

"कुठे?"

"टाकीत. वर काहीतरी चमकणारं ठेवून."

बाबा चक्क हसले. "अजून करतो होय ते! अगं, केंद्रात लागण्याआधी त्याचं फालुद्याचं दुकान नव्हतं का? केशरी आईस्क्रीमही ठेवायचा. रात्री वीज जायची आणि पहाटे यायची. वितळून पुन्हा गोठलेलं आईस्क्रीम दिसायला अगदी तस्संच, पण खाणारा चार दिवस आडवा. मग कळणार कसं? हा वाटीभर पाणी गोठवून बर्फावर एक नाणं ठेवायचा. सकाळी नाणं वर असलं तर दुकान उघडायचं. तळाशी असलं, की सगळा माल गटारात. लोक वेडा म्हणायचे त्याला."

फरंगीसच्या हातातला औषधाचा चमचा तसाच राहिला.

"का विचारलंस, पोरी?"

"सहज."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. सत्तेचाळीस वर्षं तिला ओळखणारा माणूस तो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

परत जाताना ती रस्त्यात दोनदा थांबली. नळ्यांचा अर्थ आता जगात फक्त तिला आणि बाबांना माहीत होता. आझर त्या फेकणारच होती. फेकू द्यायच्या. सही करायची. कुप्या दिसायला तश्शाच असणार. परवा बाबांना त्या मिळतील, आणि निदान दोन दिवस घरात आशा नांदेल. असा विचार तिनं केला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वितळलेल्या पेशी म्हणजे मेलेल्या पेशी. सहा थकलेल्या हृदयांत मेलेला कचरा सोडायचा! आणि सफरअलीला झोपाळू म्हातारा म्हणून पुरायचं!

ती तरातरा चालू लागली.

*

तीन वाजता बोळात चौघं उभे होते. कप्तान, आझर, कामयार आणि फरंगीस. पंखा घरघरत होता. वीट दारात होती.

"आझर, त्या तीन नळ्या काढ. हातमोजे घाल."

"आता?" कामयार म्हणाला. "खानम, चारच्या आत कुप्या पाठवायच्यात. टाकी उगाच उघडू नका. कसल्या नळ्या?"

"तुम्हाला माहीत नाहीत?"

"नाहीत बुवा."

"खरंच माहीत नसणार. म्हणूनच त्या अजून टाकीत आहेत."

आझरनं वाफांच्या लोटातून नळ्या वर काढल्या आणि ट्रेमध्ये उभ्या केल्या. फरंगीसनं बोटानं हिम पुसलं. आत केशराच्या पाण्याचा पिवळा बर्फ आणि एकेक पोलादी मणी.

"सफरअलीनं हे मणी गोठलेल्या पाण्याच्या वर ठेवले होते. आझर, तू बघितलेस तेव्हा कुठे होते?"

"वरच. बर्फावर चमकत होते."

"आता?"

आझरनं वाकून बघितलं. तिचा हात तोंडावर गेला. "तळाशी. तिन्हीत तळाशी."

"म्हणजे मधल्या काळात हे पाणी झालं. टाकी कोरडी पडली, आतलं सगळं वितळलं, आणि मग कुणीतरी ती पुन्हा काठोकाठ भरली. कुप्या गोठल्या, पण पेशी मेल्या. ही टाकी दर तीन दिवसांनी भरावी लागते. आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही तर ती कोरडी पडते. वही मात्र म्हणते, डॉक्टर संजरी रोज आले होते."

"आलो होतो!" कामयार म्हणाला. "टाकी फुटकी असेल. माझा काय दोष?"

"रोज आलात आणि गव्हाला पाणी घातलंत?"

"घातलं."

फरंगीसनं ताटली त्याच्यासमोर धरली आणि मुठीत चुरगळली. भुसा खाली पडला. "रोज पाणी घातलेला गहू तेराव्या दिवशी पिवळा पडतो, सडतो, वास मारतो. असा कुरकुरीत होत नाही. हे शिराझमधलं शेंबडं पोर सांगेल. तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं डॉक्टर, गव्हाचं तुम्हीच काढलंत. खोटं जास्त खरं दिसावं म्हणून."

"बरं, मी आलो नाही! रागवा, काढून टाका. पण म्हाताऱ्याचा आणि माझा काय संबंध? मी त्याला बघितलंही नाही आज."

कप्तान पुढे सरकले. त्यांना एव्हाना सर्दीचा विसर पडला होता.

"त्याच्या दाराशी आज कुणीतरी उभं होतं," फरंगीस म्हणाली. "वीट जागेवर होती ती त्यामुळे. आझरशी त्याचं बोलणं बंद, तिला दाराशी उभं करून तो आत गेलाच नसता. शिवाय आझरची पुडी अजून त्याच्या पिशवीत आहे. माझी आहे, संचालकांची आहे. हैदरला त्याची फाटकावर मिळाली. आत जो भेटेल त्याला देत जाईन, असं सफरअली हैदरला म्हणाला होता. दर्ग्याहून येणारा माणूस कुणालाही वगळत नाही. ज्याच्यावर टाकी सोपवून गेला त्याला तर नाहीच नाही. मग तुमची पुडी कुठे गेली, डॉक्टर?"

कामयार मागे सरकला.

"ती तुम्ही माझ्या चहात घातलीत. टोकाला हिरवा दोरा होता. पेला अजून तुमच्या टेबलावर आहे, मी चहाला तोंड लावलेलं नाही."

 कामयारनं आपल्या हातांकडे बघितलं. पाहुणा आला की चहा द्यायचा आणि चहा दिला की गोड द्यायचं. जन्मभर हे हात तेच करत आले होते. आजही त्यांनी तेच केलं, डोक्याला न विचारता.

"किश बेटावर गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "मुलं हट्टाला पेटली होती. वाटलं, चार दिवस. मग विमानाची तिकिटं मिळेनात. बाराव्या दिवशी येऊन झाकण उघडलं तर आत वाफसुद्धा नाही. सहा वर्षं, खानम! एका दात्याच्या पेशी, पुन्हा मिळणार नाहीत अशा. मी भरून टाकली. वाटलं, कुणाला कळणार? काहीजणांना गुण येतो, काहीजणांना येत नाही."

"आणि सफरअली?"

"त्यानं वाळलेला गहू बघितला. सरळ माझ्या खोलीत आला. आधी खडीसाखर हातात ठेवली, मग म्हणाला, 'डॉक्टर, चला, माझ्याकडे एक खूण आहे, ती बघून टाकू. तुम्ही दाराशी उभे राहा.' मला वाटलं, कसली तरी नोंद असेल. तो आत गेला..." त्यानं दाराकडे बघितलं. "मी दार लावलं. पंखा बंद केला. चावी उघडली. तो हाक मारत होता, खानम. त्याला वाटलं, दार चुकून लागलं."

 फरंगीस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एकच विचारते. परवा पहिलं नाव कुणाचं होतं, माहीत होतं तुम्हाला?"

"होतं," कामयार खाली बघत म्हणाला.

"तरी चहा गोड करून दिलात मला."

कप्तानांनी त्याच्या दंडाला धरलं. चारला पाच कमी होते. फरंगीसनं तो कागद काढला, सहीच्या जागी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सर्व कुप्या नष्ट कराव्यात.'

*

घरी बाबा जागेच होते. तिनं चहा केला, सफरअलीची पुडी सोडली. काडी बाबांच्या पेल्यात घातली.

"नाणं कुठे होतं?" बाबांनी विचारलं.

तिला वाटलं होतं, सांगताना धीर द्यायला चार शब्द सापडतील. सापडले नाहीत.

"तळाशी, बाबा."

बाबांनी मान हलवली. काडी ढवळत राहिले. पेला किणकिणत होता.

"मग माल गटारात," ते म्हणाले. दम घेतला. "दुसरं काय करणार होतीस तू! वेडा म्हणायचो त्याला आम्ही." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रड, पोरी. मी आहे अजून."

ती रडली. बाबांनी सगळा चहा संपवला, तळाशी राहिलेला खडाही चघळला.

सकाळी ती केंद्रात जाऊन बसली आणि यादी पुढे ओढली. यादीत सहा नावं होती. तिनं पाच फोन केले.